सातव्या महिन्यातलं ग्रहण

सूर्याच्या वेधशाळेत नोकरी केली असं सांगितलं की लोक आधी माझ्या डोळ्यांकडे बघतात. चष्म्याचा नंबर विचारतात. इतकी वर्षं सूर्य बघूनही डोळे शाबूत कसे, याचं त्यांना नवल वाटतं. खरं म्हणजे सूर्याकडे थेट बघायचं नाही, हाच आमच्या कामातला पहिला नियम. दुर्बिणीतून आलेली सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडायची. ताटलीएवढं उजेडाचं वर्तुळ उमटतं. त्यात जिथे काळे डाग दिसतील तिथे पेन्सिल फिरवायची. हे सगळं सकाळी, ऊन चढायच्या आत. एकदा जमीन तापली की हवा हलायला लागते आणि कागदावरचा सूर्य उकळत्या पाण्यात पडल्यासारखा थरथरतो. डाग म्हणजे सूर्याच्या अंगावरच्या जरा थंड जागा. त्यांच्या आसपास स्फोट होतात, त्याचे परिणाम उपग्रहांपर्यंत आणि रेडिओपर्यंत पोहोचतात, म्हणून रोजची नोंद. ढग आले तर बसून राहायचं. माझी निम्मी नोकरी आभाळाकडे बघत काळजी करण्यात गेली, असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही.

शेवटच्या काही वर्षांत लोकांना सूर्य दाखवण्याचं काम माझ्याकडे आलं. शाळांच्या सहली यायच्या, आम्हीही दुर्बीण घेऊन गावोगाव जायचो. कागदावरच्या सूर्यापुढे माणसं काय बोलतील याचा नेम नसतो. एका गृहस्थांनी दुर्बिणीवर हळदकुंकू वाहण्याची परवानगी मागितली होती. तुकईथड गावच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने डाग नीट न्याहाळले आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "हे सरकारला माहीत आहे का?" मी म्हटलं, आहे. "मग ठीक," म्हणाला आणि पुढच्या माणसाला जागा करून दिली. असे लोक भेटले की दिवस मजेत जायचा. पण या कामातली जी गोष्ट मला आजही स्वस्थ बसू देत नाही, ती सांगायची तर बहादरपूरच्या सारिकाबद्दल सांगायला हवं.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी खंडग्रास सूर्यग्रहण होतं. आमच्या भागात ते संध्याकाळी लागणार होतं आणि सुटायच्या आतच सूर्य मावळणार होता. वेधशाळेने ठिकठिकाणी कार्यक्रम ठरवले. बुऱ्हाणपूर मी मागून घेतलं. माझं लहानपण तिथल्या लोधीपुऱ्यात गेलं, भाऊ-वहिनी अजून तिथेच राहतात. दिवाळी घरी होईल आणि कामही होईल, असा माझा साधा हिशेब.

ग्रहणाच्या आठवडाभर आधी बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपूरच्या एका शाळेत मी माहिती द्यायला गेले. मुलं होती, शिक्षक होते, काही पालकही आले होते. ग्रहण कसं लागतं, कोणत्या काचेतून बघायचं, एक्सरेची फिल्म किंवा काळा गॉगल का चालत नाही, सगळं सांगून झालं. काही शंका असेल तर विचारा म्हटल्यावर मागच्या रांगेतून विज्ञानाच्या बाई उठल्या. तिशीच्या आतल्या, गरोदर आहेत हे सहज दिसत होतं.

"मॅडम, प्रेग्नंट बाईने ग्रहण बघितलं तर चालते का?"

मुलं आधी हसली, मग बाईंकडे बघू लागली. सगळ्यांना कळलं की प्रश्न पुस्तकातला नाही.

"चालतं," मी म्हटलं. "चंद्राची सावली आपल्यावर पडते, एवढंच ग्रहणात होतं. बाळाला त्याने काही होत नाही. डोळ्यांची काळजी जेवढी इतरांनी घ्यायची, तेवढीच तिने घ्यायची."

"मतलब मी येऊ शकते?"

"या. मी स्वतः दाखवीन."

ही सारिका. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, घरची केळीची बाग, नवरा दीपक बाग आणि खताचं दुकान बघायचा. तिच्या सासूबाई, कमलबाई, त्या दिवशी हॉलच्या दाराशी उभ्या होत्या हे मला कार्यक्रम संपल्यावर कळलं. मी गाडीत बसत होते तेव्हा त्या जवळ आल्या. आवाज चढवला नाही. "तुमाले लेक आहे का, मॅडम?"

"नाही. पुतणी आहे."

"ती असती पोटुशी, तं नेली असती तुम्ही?"

"नेली असती."

"नेली असती आणि नेली, यात फरक आहे," असं म्हणून त्या वळून चालायला लागल्या.

ते वाक्य माझ्याबरोबर लोधीपुऱ्यापर्यंत आलं. मी सारिकाला फोन करून म्हटलं, घरात वाद घालून येऊ नका, फोटो दाखवीन नंतर. ती म्हणाली, "मॅडम, मी वर्गात शिकवणार आणि सोताच दार लावून बसणार? पोरं विचारतील ना मला." तिच्या बोलण्यात हट्ट नव्हता. तिने विचार करून ठरवलं होतं.

ग्रहणाच्या दिवशी ताप्तीच्या घाटावर आम्ही दुर्बीण लावली, पांढऱ्या पडद्याची पेटी ठेवली, खात्रीच्या काचांचे चष्मे वाटले. ग्रहण लागायच्या थोडं आधी सारिका आणि दीपक आले. त्यांच्यामागे कमलबाई. डोक्यावर घट्ट पदर, सूर्याकडे पाठ, आणि एक हात सुनेच्या पाठीवर. सारिकाने आधी पडद्यावर पाहिलं, मग चष्मा लावून वर पाहिलं. नदीपलीकडे उतरलेला तांबूस सूर्य, आणि एका कडेने त्याचा लचका तोडलेला.

"चंद्राची कड किती साफ आहे," ती म्हणाली. मग, "आई, एकदा बघा ना."

"तू बघ," कमलबाई म्हणाल्या. हात तसाच पाठीवर.

सारिकाला पाहून बाजूला उभ्या असलेल्या दोन-तीन बायका पुढे आल्या. चष्म्यासाठी हात पुढे केले. त्या क्षणी मला फार बरं वाटलं, ते मी नाकारत नाही. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. चष्मा लावून वर बघणारी सारिका, पोटावर हात, मागे मावळता सूर्य. दुसऱ्या दिवशी तो एका स्थानिक पेपरात आला आणि गावभर मोबाइलवर फिरला. आमचे संचालक खूश झाले. त्यांनी तो वेधशाळेच्या वेबसाइटवर लावला आणि मला फोन करून म्हणाले, "वर्षभराचं काम तुम्ही एका फोटोत केलंत."

मला भीती वाटली ती तेव्हा. तोपर्यंत ती एका घराची गोष्ट होती. आता सगळ्या गावाचं लक्ष तिच्या बाळंतपणाकडे लागलं.

बुऱ्हाणपुरात डॉक्टर फरीदा म्हणून माझी शाळेतली मैत्रीण आहे, बाळंतपणं करते. सारिकाने तिच्याकडेच नाव घातलं होतं. मी फरीदाला विचारलं, सगळं ठीक आहे ना? ती म्हणाली, "आत्तापर्यंत ठीक आहे. पण कुमुद, बाळंतपणाची गॅरंटी मी कुणाला देत नाही. हजार गोष्टी असतात. त्यांचा तुझ्या सूर्याशी काही संबंध नाही."

"संबंध नाही हे मला माहीत आहे. पण काही झालं तर?"

"तर लोक संबंध जोडतील," ती शांतपणे म्हणाली.

मी वेधशाळेत परतले. रोज सकाळी कागदावर डाग काढताना मन बहादरपुरात असायचं. ग्रहणाने बाळाला काही होत नाही, हे मला जितकं पक्कं ठाऊक होतं तितकंच हेही ठाऊक होतं की ग्रहणाशिवायही बाळांना कितीतरी गोष्टी होतात. यातली एखादी नेमकी याच घरात आली, तर खुलासा ऐकायला कुणी थांबणार नव्हतं. मी काही ना काही निमित्त काढून सारिकाला फोन करायचे. पाय सुजलेत का, बाळ फिरतं का, रक्त तपासलं का. शेवटी ती हसून म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर आईपेक्षा जास्त टेन्शन घेता."

थंडीत, एका सकाळी, मी कागद लावत असताना दीपकचा फोन आला.

"मॅडम, मुलगी झाली." मग आवाज खाली आणून, "ओठ फाटका आहे. टाळूपण. फरीदा मॅडम म्हणतात ऑपरेशनने नीट होते. पण इथे सगळे…" एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरलं किंवा बाहेर पडली तर मूल फाटक्या ओठाचं होतं, असं आमच्याकडे घरोघरी मानतात. हजार गोष्टींतून नेमकी तीच झाली होती.

मी कागद तसाच सोडून संचालकांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं. "फोटो आज काढून टाकू," ते म्हणाले. "आणि तुम्ही आत्ता तिकडे जाऊ नका. गर्दी होईल, कोणी काही बोलेल. आपण डॉक्टरांच्या सहीने एक खुलासा पाठवू."

मी रजा टाकली आणि निघाले. गाडीत बसून मी वाक्यं जुळवत होते. बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यात जुळतो, टाळू तिसऱ्या महिन्यात. ग्रहण सातव्या महिन्यात झालं. म्हणजे ग्रहणाच्या कितीतरी आधी हे होऊन गेलेलं होतं, पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाचं तोंड खाली होतं म्हणून दिसलं नाही, असं फरीदाने फोनवर सांगितलं होतं. अगदी बिनतोड वाक्यं होती. आणि आदल्या दिवशी बाळंत झालेल्या मुलीसमोर ती बोलायची कशी, हे काही सुचत नव्हतं.

फरीदाच्या दवाखान्यात खोलीबाहेर सात-आठ नातेवाईक होते. मला बघून ते बाजूला सरकले. खोलीत सारिका भिंतीकडे तोंड करून पडलेली. बाळ कमलबाईंच्या मांडीवर, अंगभर गुंडाळलेलं. दीपकची आत्या खाटेच्या पायथ्याशी बसली होती.

सारिकाने मान वळवली. "मॅडम, खरं खरं सांगा. त्या दिवशी मी नसते आले, तर हे झालं असतं का?"

हा प्रश्न आत्यांनी विचारला असता तर मला इतकं लागलं नसतं. हिने विचारला, जिने मुलांना सावल्या शिकवल्या होत्या, तिने. मी खाली बसले, तिचा हात धरला आणि गाडीतली सगळी वाक्यं सांगितली. दुसरा महिना, तिसरा महिना, सातवा महिना. ती ऐकत होती. ओठ कधी जुळतो हे तिने कॉलेजात कधीतरी वाचलेलं असेलही. पण तिचे डोळे माझ्या तोंडावर होते, मी खोटं बोलते आहे का ते बघत.

"मग बाकी कोणाले काहून नाही झालं?" आत्या म्हणाल्या. "एवढ्या बाया गावात पोटुशा होत्या. घरात बसल्या, त्यांचे लेकरं चांगले. हीच गेली बाहेर, हिलेच झालं. शिकल्या-सवरलेल्यांनी करून ठेवलं."

याला उत्तर होतं, पण ते "कुणाला होईल ते सांगता येत नाही" असं होतं. अशा वेळी असं उत्तर फार पोकळ वाटतं. मी तोंड उघडणार एवढ्यात कमलबाई बोलल्या. मांडीवरच्या बाळावरून नजर न हलवता.

"वन्स, तुम्ही होत्या ना घरात? दीपकच्या आधीच्या वक्ताले?"

आत्यांनी खाली बघितलं. कमलबाई मला सांगायला लागल्या.

"मॅडम, दीपकच्या आधी मले पोरगा झाला होता. त्याचाही ओठ असाच, टाळूही. तवाही गिऱ्हान आलतं. मी दार लावून बसली होती. सुई नाही, विळा नाही, घोटभर पाणी नाही. सासू दारात बसून होती माह्या राखणीले. तरी झाला. मग सगळे म्हणले, हिनं लपून काही चिरलं असन. जिनं माही राखण केली तिनंही तेच म्हणलं." त्यांनी बाळाचं दुपटं सारखं केलं. "पोराले दूध ओढता नाही आलं. कसं पाजावं कोणाले माहीत नव्हतं. थोडेच दिवस राहिला."

दीपक दारात उभा होता. आपल्याआधी एक भाऊ होऊन गेला, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

"मले गिऱ्हानाचं भेव नव्हतं," कमलबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "घरात बसूनही होते, हे मले माहीत होतं. मले लोकाच्या तोंडाचं भेव होतं. म्हणून म्हणत होती, नको जाऊ." मग सुनेकडे वळल्या. "तू काही नाही केलं, बेटा. मीही नव्हतं केलं."

सारिका रडायला लागली. आदल्या दिवसापासून ती रडली नव्हती, असं दीपकने नंतर सांगितलं. आत्या उठून बाहेर गेल्या. तेवढ्यात फरीदा आली. तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली की काही घराण्यांत असं पुन्हा दिसतं, आधी कळलं असतं तर बारकाईने बघितलं असतं. मग तिने लगेच तो विषय सोडला. "आता आधी हिच्या पोटात दूध जाऊ दे. त्याशिवाय वजन वाढायचं नाही आणि वजन वाढल्याशिवाय ऑपरेशन नाही."

त्यानंतरची काळजी वेगळी होती. बाळ ओढू शकत नव्हतं. आईचं दूध काढून, बाळाला अर्धवट बसतं धरून, चमच्याने गालाच्या आतल्या बाजूला थोडंथोडं सोडायचं. घाई केली की नाकातून यायचं, ठसका लागायचा, बाळ निळसर पडायचं. नर्सने एकदा दाखवलं आणि कमलबाईंनी ते काम हातात घेतलं. सारिकाला शिकवलं, दीपकलाही शिकवलं. एक पाजणं संपेपर्यंत दुसऱ्याची वेळ यायची. मी वेधशाळेतून फोन करायचे आणि आता एकच विचारायचे, वजन किती वाढलं? कमलबाई कधी सांगायच्या वाढलं, कधी सांगायच्या या आठवड्यात तेवढंच आहे, सर्दी झाली होती. त्या दिवशी माझ्या कागदावरचे डाग वेडेवाकडे यायचे.

मोबाइलवर तो ग्रहणाचा फोटो पुन्हा फिरला, आता त्याच्या शेजारी कुण्या दुसऱ्याच बाळाचा फोटो लावून. फरीदाने स्वतःच्या आवाजात खुलासा करून पाठवला. काहींनी ऐकला, पुष्कळांनी नाही. एका शाळेने आमचा पुढचा कार्यक्रम काहीतरी कारण देऊन रद्द केला. सारिका मात्र सुट्टी संपल्यावर शाळेत परत गेली. पहिल्याच दिवशी एका मुलीने तिला सरळ विचारलं, तेव्हा तिने फळ्यावर गर्भाचे महिने लिहिले आणि ओठ कधी जुळतो तिथे खूण केली. हे मला तिने नाही, मुख्याध्यापकांनी सांगितलं. तरी बहादरपुरात आजही काही घरांत ते ग्रहणामुळेच झालं असं म्हणतात. त्यांना मी पटवू शकले नाही, आणि हे मनाला लागून राहिलं आहे.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मी निवृत्त होऊन लोधीपुऱ्यात राहायला आले. थोड्याच दिवसांत ओठाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, इंदूरच्या एका दवाखान्यात; टाळूचं पुढे, ती वर्षाची झाल्यावर होणार होतं. मीही बरोबर गेले. तन्वीला, म्हणजे बाळाला, सकाळी आत नेलं. भुलीआधी उपाशी ठेवायचं असतं, त्यामुळे ती टाहो फोडत आत गेली आणि दार बंद झाल्यावर एकदम आवाज थांबला. बाहेरच्या बाकावर आम्ही चौघं. दीपक उठून फेऱ्या मारायचा आणि परत बसायचा. सारिका दाराकडे बघत होती.

"ऑपरेशन चुकत नाही ना असं?" कमलबाईंनी हळूच विचारलं.

गॅरंटी कुणालाच देता येत नाही, हे मला आता नीट कळलेलं होतं. "डॉक्टर रोज करतात," मी म्हटलं. "पण भीती वाटतेच. मलाही वाटते आहे."

त्यांनी मान हलवली. उलट याच उत्तराने त्यांना जरा बरं वाटलं असावं.

दुपारी नर्स बाहेर आली. "तन्वी के साथ कौन है? एक जन अंदर आओ."

सारिका उठली, दोन पावलं गेली आणि थांबली. "आई, तुम्ही जा आधी."

"तू माय आहेस तिची."

"तुम्ही जा."

कमलबाई आत गेल्या. दार अर्धवट उघडं होतं, त्यातून मला दिसत होतं. ओठावर बारीक टाके, थोडी सूज, पण ओठ वरून खालपर्यंत एक. कमलबाई नुसत्या बघत उभ्या होत्या. थोड्या वेळाने भूल उतरून बाळ रडायला लागलं आणि नर्सने दूध द्यायला सांगितलं. त्यांनी सवयीने एक मऊ फडकं घडी करून बाळाच्या हनुवटीखाली धरलं. इतके महिने दर वेळी फाटक्या ओठातून दूध गळून ते चिंब व्हायचं आणि दर वेळी दुसरं घ्यावं लागायचं. चमचा लागला, बाळाने गिळलं. पुन्हा चमचा, पुन्हा गिळलं. असं करत वाटी रिकामी झाली.

मग कमलबाई ते फडकं घेऊन दाराशी आल्या आणि त्यांनी ते सारिकाच्या हातात दिलं. सारिकाने दोन्ही बाजूंनी चाचपून पाहिलं. ते कोरडं होतं.